नऊ जणींचा आकडा

वैजयंती आंबर्डेकरसाठी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती, आणि तिला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. तिला टाळी हवी होती ती एका आकड्यासाठी. नऊ अंकी, देखणा, तिनं स्वतः डोकं खाजवून शोधून काढलेला आकडा. घरात तो कोणी ऐकून घेईना, ऑफिसात कोणी ऐकून घेईना. भरल्या सभागृहानं एकदा, फक्त एकदा, तो डोळे भरून पाहावा आणि ‘वा!’ म्हणावं, एवढीच बाईची इच्छा. ऐकायला साधी वाटते. करून बघा म्हणजे कळेल.

मुळात वैजयंती चिपळूणकडची. शाळेच्या स्नेहसंमेलनात हिला कधी मावळा मिळाला नाही की झाड मिळालं नाही. ही आपली पडद्याची दोरी ओढायला. पण दोरी अशी ओढायची की पडदा कधी अडकला नाही. गणितात मात्र वर्गात पहिली. पुढे मुंबईला आली, टेलिफोनच्या नोकरीत लागली, कानाला हेडफोन लावून चौकशीच्या खुर्चीवर बसली आणि दिवसभर लोकांना नंबर सांगू लागली. लग्न झालं, मुलगी झाली, नवऱ्याला तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड सानपाड्याला आलं.

तेव्हाचं सानपाडा म्हणजे नेपथ्य उभं आहे आणि नट अजून यायचेत, असा कारभार. इमारती कोऱ्या, रस्ते रुंद, माणसं तुरळक. दुपारी खाडीचा वारा गॅलरीतली वाळत घातलेली चादर घेऊन थेट जुईनगरच्या दिशेनं निघायचा. मुंबईहून आलेल्या बायका कुरकुरायच्या, “इथे पत्ता सांगायचा तरी कसा गं? ना गल्लीला नाव, ना नाक्याला. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, नुसते आकडे!” वैजयंतीला नेमकं तेच आवडायचं. तिला वाटायचं, आपण योग्य गावी आलो.

तिला एक सवय होती. कुठलाही नंबर समोर आला की ती त्याला जिना चढायला लावायची. जिना कसा, तर पहिला अंक पहिल्या पायरीवर. पहिले दोन अंक मिळून जी संख्या होईल तिला दोनानं भाग गेला, की दुसरी पायरी चढला. पहिल्या तीन अंकांना तिनानं भाग गेला, की तिसरी. चारांना चारानं, पाचांना पाचानं, असं वर वर. आता बहात्तर हजार तीनशे एकसष्ट घ्या. बहात्तरला दोनानं भाग जातो. सातशे तेविसाला तिनानं जातो. सात हजार दोनशे छत्तीसला चारानं जातो. आणि पाचव्या पायरीवर शेवटी एक आला, पाचानं भाग जाईना, की गडी आपटला! बहुतेक नंबर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच पाय घसरून पडायचे. कोणी पाचवीपर्यंत पोचला की वैजयंती हेडफोनमध्ये उगाच गोड बोलायची, आणि पलीकडच्या माणसाला कळायचं नाही की बाई आज एवढ्या खुशीत का.

एके दिवशी तिच्या मनात आलं, एक ते नऊ हे सगळे अंक एकेकदा वापरून असा एखादा आकडा जुळवता येईल का, जो नऊच्या नऊ पायऱ्या चढेल?

नऊ अंकांची रांग लावायचे प्रकार साडेतीन लाखांच्या वर. सगळे तपासत बसली असती तर अबोली, म्हणजे तिची मुलगी, तोवर आजी झाली असती. पण वैजयंती तांदूळ निवडावेत तशी निवडत गेली. पाचव्या पायरीला पाचानं भाग जायचा, शून्य तर हाताशी नाही, मग पाचव्या जागी पाचच बसणार. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम अंकांची, मग उरलेल्या जागा विषमांच्या. नवव्या पायरीची चिंताच नको, कारण एकापासून नवापर्यंतची बेरीज पंचेचाळीस, तिला नवानं भाग जातोच. अंक कसेही उभे करा. अशी पाखडत पाखडत ती आली दहा आकड्यांवर. लाखांतून दहा! आणि या दहांच्या पुढ्यात उभा होता सात.

दोनाचे नियम आहेत, तिनाचे आहेत, नवाचे आहेत. साताचा सोपा नियम शाळेत कोणी सांगितलेला नसतो. सात म्हणजे दारावरचा तो पहारेकरी, जो कोणाची ओळख मानत नाही. वैजयंतीनं पोळ्या लाटता लाटता एकेकाला साताच्या दारात पाठवलं. एकाला हाकललं. दुसऱ्याला हाकललं. नऊ जण हाकलले गेले, आणि एक, एकच, मान ताठ ठेवून आत गेला.

३८१६५४७२९.

अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस!

हातात लाटणं तसंच घेऊन वैजयंतीनं ओट्यापुढे स्वतःभोवती एक गिरकी घेतली. नंदकुमार, तिचे यजमान, पाणी प्यायला आत आले होते. ते दचकले.

“काय झालं गं?”

“अहो, सापडला! नऊही पायऱ्या चढतो. साडेतीन लाखांत एकटा. दुसरा नाहीच!”

“बरं. मग?”

“मग म्हणजे?”

“म्हणजे त्याचं करायचं काय?”

नंदकुमार वाईट माणूस नव्हे, उलट फार सालस. त्यांनी जळणारी पोळी तेवढी उलटली आणि ते पेपर वाचायला गेले. वैजयंतीनं आकडा मनात दुमडून ठेवला, आणि तिथे तो काही वर्षं राहिला.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात वाशीच्या सभागृहात सगळ्या सोसायट्यांसाठी मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा जाहीर झाली. घणसोलीपासून बेलापूरपर्यंतचे महिला गट येणार होते. सानपाड्याच्या सोसायटीतल्या बायका गच्चीवर जमल्या आणि पहिल्याच संध्याकाळी जुंपली. कोकणातल्या म्हणाल्या, आमच्या चालीवर खेळू. राहीबाई होत्या पाटणकडच्या, त्यांचे मालक हौसेराव वाशीच्या बाजारात माथाडी. त्या पदर खोचून म्हणाल्या, “आमच्याकडं पंचमीला फेर धरला की जमीन हालती. तुमचं आपलं टाचा उचलल्यागत!”

“टाचा? आमच्या? अहो राहीबाई, तुमच्या फेरानं खालच्या मजल्याचं प्लास्टर पडेल!”

शेजारच्या सानपाडा गावातून गिरजाबाईंना मुद्दाम बोलावून आणलं होतं. आगरी लग्नांत धवले गाणारी ही बाई. वय सत्तरीच्या पुढे, आवाज असा की माइकनं लाजावं. त्या कठड्याला टेकून सगळं ऐकत होत्या. “माना कला बोलावलाव गो? माजी गानी लगनाची हायेत. मंगलागौरीला ती नाय चालाची.”

मंडळाच्या अध्यक्ष केशरबाईंनी दोन्ही हात वर केले. “पुरे! मी नाव मागे घेते. एकीचं एकीशी पटत नाही, कसला गट आणि कसलं काय!”

आणि तेव्हा पाण्याच्या टाकीमागून, जिचा आवाज गच्चीवर कोणी कधी ऐकला नव्हता, ती वैजयंती बोलली. “आपण एक आकडा करूया का?”

सोसायटीतली नवी सून प्राची हळूच म्हणाली, “काकू, मटक्याचा?”

हशा उसळला. वैजयंतीही हसली, आणि हसता हसताच तिनं बायकांना हाताला धरून उभं करायला सुरुवात केली. “राहीबाई, तुम्ही तीन. प्राची, तू आठ. मावशी, तुम्ही एक. बघा, तिघी उभ्या आहेत. तीनशे एक्क्याऐंशी. तिनानं भाग जातो. आता चौथी सहा घेऊन आली. चौघी उभ्या, चारानं भाग जातो. पाचवी येऊ दे...” असं करत करत तिनं सगळी रांग उभी केली. नवव्या बाईशी आली तोवर गच्चीवरचा गलका बंद झाला होता.

राहीबाईंनी बोटावर काहीतरी मोजलं. “म्हंजी जितक्या जनी हुब्या, तितक्यानं भाग जातो? दर बारीला?”

“दर बारीला.”

“आन् ह्ये ठरवलं कुनी?”

“कोणीच नाही, राहीबाई. तो आहेच असा.”

“आवं बया!” राहीबाई म्हणाल्या. या आकड्याला मिळालेली ती पहिली दाद.

गिरजाबाईंनी विचारलं, “कंच्या गावचा यो आकडा?”

“कुठल्याच गावचा नाही, मावशी.”

“मंग भांडनच मिटला,” गिरजाबाई म्हणाल्या, आणि खरंच मिटलं.

कच्ची-पक्की तालीम सुरू झाली. पुठ्ठ्यावर मोठाले अंक रंगवले. राहीबाईंचा फेर, कोकणचा झिम्मा आणि गिरजाबाईंची चाल, असं सगळं त्या आकड्याभोवती गुंफलं गेलं. दहावी बाई शून्य घेऊन आली तर तो दहाव्या पायरीवरही चढतो, असं वैजयंतीनं सांगून पाहिलं. पण शून्य हातात घ्यायला कोणी तयार होईना. “फोटो गावी जाणार, सासूबाई म्हणतील सूनबाई शून्य!” तेव्हा नऊवर थांबायचं ठरलं.

प्राचीला पाठांतराची धास्ती. “काकू, त्यापेक्षा नऊ, आठ, सात, सहा असं सरळ उलटं उभं राहू ना. कोणी विसरणार नाही.”

“तो आकडा फार लबाड आहे,” वैजयंती म्हणाली. “करून बघ. सहाही पायऱ्या डौलात चढतो. आठवी चढतो, नववी चढतो. फक्त सातवीवर आपटतो. असे एकूण नऊ लबाड आहेत. सात एकटा त्यांना ओळखतो, म्हणून सातवीला मी येणार.” आणि योग बघा, त्या आकड्यात सातव्या जागी अंकही सातच होता.

केशरबाईंनी नाव मागे घेतलं नाही, पण वैजयंतीला बाजूला घेऊन बजावलं. “हे बघ, मला आवडलंय. पण हॉलमध्ये लोक नाही रमले, तर पुढच्या वर्षी ज्यानं त्यानं आपापला गट करावा. मी पुन्हा मोट बांधायची नाही.”

नंदकुमार तर घाबरलेच. “वैजू, भागाकार? स्टेजवर? लोक वडे खायला बाहेर जातील गं.”

“जाऊ देत. सातवीपर्यंत थांबले तरी पुरे,” वैजयंती म्हणाली. रात्री तिला झोप मात्र लागली नाही. आकडा मनात होता तोवर सुरक्षित होता. उद्या लोक त्याच्याकडे बघून जांभई देणार असतील, तर ते तिला सोसणार नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलेलं. नऊवाऱ्यांचे रंग, गजरे, नथी, पोरांचा गोंधळ आणि मागच्या दाराशी खरोखरच वड्यांचा घमघमाट. सानपाड्याचं नाव पुकारलं. पडद्यापुढे वैजयंती आली, हातात माइक. वाशीच्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्या सुनयनाबाई तीन परीक्षकांपैकी एक होत्या. वैजयंतीनं त्यांनाच विनंती केली, “बाई, आम्ही एकेक जण येऊ. जितक्या जणी उभ्या, तितक्यानं भाग जातो की नाही, तेवढं कागदावर करून माइकवर सांगाल का? आम्हाला सूट देऊ नका.”

सुनयनाबाईंनी हसून पेन उघडलं. “सूट नाही देणार.”

वैजयंती डाव्या विंगेतून आत गेली. तिला मागच्या काळ्या पडद्याआडून फिरून उजव्या विंगेत यायचं होतं, कारण बायकांचा प्रवेश तिकडून होता. ढोलकी वाजली, पडदा उघडला, आणि नेमक्या त्याच क्षणी उजव्या विंगेत काय घडलं, ते तिला बिचारीला दिसलं नाही. आपण मात्र पाहून घेऊ.

पहिला प्रवेश राहीबाईंचा, तीनचा पुठ्ठा घेऊन. त्यांनी पाऊल उचललं आणि मागे वळून पाहिलं, तर गिरजाबाई तिसऱ्या उभ्या. सत्तरी ओलांडलेली सवाशीण मागे, आणि आपण तिच्या पुढून देवीसमोर जायचं? गच्चीवरच्या तालमीत ते चाललं होतं, गच्चीवर देवी नव्हती. इथे रंगमंचावर चौरंग मांडलेला, अन्नपूर्णा बसवलेली, समई लावलेली. राहीबाई पाटणच्या. त्यांच्या अंगात ते बसेना.

“मावशी, तुमी म्होरं व्हा.”

“अगो, पन माजा नंबर...”

“नंबर कुटं पळतोय? वडीलकीचा मान तुमचा. व्हा म्होरं!” आणि त्यांनी म्हातारीला हळूच पुढे ढकललं.

गिरजाबाई गेल्या. हातात एक. त्यांच्यामागे आठ घेऊन प्राची. तिला वाटलं, आकडे तर तेच आहेत. आणि तिसऱ्या जागी राहीबाई, हातात तीन, मनात समाधान.

वैजयंती उजव्या विंगेत पोचली तेव्हा तिघी उभ्या होत्या. पुठ्ठे प्रेक्षकांकडे. बाजूनं पाहणाऱ्याला दिसतात ते एकामागे एक खोपे आणि गजरे. ती तिथूनच खणखणीत आवाजात विचारू लागली, “किती जणी उभ्या गं?”

“तीन जणी उभ्या!”

“तिनानं भाग जातो का गं?”

सुनयनाबाई माइकवर म्हणाल्या, “जातो गं जातो!” परीक्षकच चालीत बोलल्या म्हटल्यावर पहिल्या रांगांत हशा पिकला, टाळी पडली. वैजयंतीच्या पायांत बळ आलं.

चौथी गेली. “जातो गं जातो!” आता मागच्या रांगांतून पोरं ओरडू लागली. पाचवी, पाचाचा पुठ्ठा मिरवत गेली. हॉलनंच उत्तर दिलं, सुनयनाबाईंना बोलूच दिलं नाही. सहावी गेली आणि काय सांगू, टाळ्यांनी ठेका धरला. दाराशी वडे खाणारे वडा हातात घेऊन आत येऊन उभे राहिले. विंगेत वैजयंतीचे डोळे भरून आले. तिनं सातचा पुठ्ठा छातीशी धरला, पदर सारखा केला आणि जन्मात पहिल्यांदा, पडद्याची दोरी सोडून, ती उजेडात आली.

“किती जणी उभ्या गं?” सगळा हॉल.

“सात जणी उभ्या!”

“सातानं भाग जातो का गं?”

सुनयनाबाई कागदावर वाकल्या. पेन चाललं. एकदा केलं. पुन्हा केलं. मग त्यांनी माइक जवळ घेतला. चेहरा पडलेला.

“माफ करा. सातानं भाग जात नाही. बाकी सहा उरते.”

ढोलकी थांबली. मागून कोणीतरी “ओऽऽ!” केलं, कोणीतरी शिट्टी मारली. केशरबाईंनी विंगेत कपाळाला हात लावला. तिसऱ्या रांगेत नंदकुमारांनी मान खाली घातली. बायकोची फजिती त्यांना पाहवेना.

वैजयंती रांगेच्या टोकाला उभी. समोर हजार डोळे. एकदा तिच्या मनात आलंच, चुकले असेन का मी? इतकी वर्षं चुकीचाच आकडा उराशी धरून बसले असेन? पण ते क्षणभरच. कारण हा आकडा तिला ऐकून ठाऊक नव्हता, तिनं तो एकेक पायरी करून उभा केला होता, आणि पायरीपायरीनंच ती आता उतरू लागली.

बाकी उरते म्हणजे रांग चुकली आहे. पण सहा पायऱ्या बरोबर गेल्या. मग चुकली कुठे? पाच जागेवर आहे, नाहीतर पाचवीलाच आपटले असतो. सम जागी विषम शिरला असता तर दोनाला, चाराला नाहीतर सहाला कळलं असतं. आठ, सहा आणि चार आपसांत बदलले असते, तर तिसरी किंवा चौथी पायरी ढासळली असती. मग राहिलं काय? हलूनही सहा पायऱ्यांना पत्ता लागू नये असे दोनच अंक राहिले. तीन आणि एक.

तिनं रांगेकडे वळूनही पाहिलं नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून, पहिल्या रांगेपासून दारातल्या वड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “बाई, तुमचा भागाकार अगदी बरोबर आहे!”

सुनयनाबाईंनी मान वर केली.

“असे नऊ लबाड आकडे आहेत, मंडळी. सहाव्या पायरीपर्यंत हसत हसत येतात. दोन फसतो, तीन फसतो, चार, पाच, सहा सगळे फसतात. एकटा सात फसत नाही. आत्ता तुमच्यासमोर त्यातलाच एक उभा आहे. आणि मी मागे न बघता सांगते, आमच्या रांगेत पहिली आहे ती तिसरी हवी, आणि तिसरी आहे ती पहिली हवी. राहीबाई! गिरजामावशी!”

राहीबाईंनी जीभ चावली. “आवं, मान द्याया गेले मी!” माइक जवळच होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं, आणि हास्याचा असा लोट आला की छत हललं.

“मान दिलात ते छानच केलंत. आता आकड्याचाही मान राखा!”

जागा बदलायच्या कशा? चालत गेल्या असत्या तर ती नुसती चूक दुरुस्त झाली असती. पण राहीबाईंनी पुठ्ठा दोरीनं पाठीवर टाकला आणि हात पुढे केले. “या मावशी!” गिरजाबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं, हात गुंफले, चवड्याला चवडा लावला, आणि सत्तरी ओलांडलेली आगरीण आणि पाटणची माथाडीण यांनी भर रंगमंचावर फुगडी घेतली. प्राची मधून टुणकन मागे सरली. गिरक्या वाढल्या, गजरे सुटले, ढोलकीवाल्याला राहवेना, त्यानं हात सोडला. आणि फुगडी थांबली तेव्हा राहीबाई पहिल्या होत्या, गिरजाबाई तिसऱ्या. पुठ्ठे पुन्हा पुढे आले. तीन, आठ, एक, सहा, पाच, चार, सात.

“किती जणी उभ्या गं?” वैजयंतीचा आवाज.

“सात जणी उभ्या!” हजार गळे.

“सातानं भाग जातो का गं?”

सुनयनाबाई लिहीत होत्या. पहिल्या रांगेतल्या माणसांना तर पेनाचा आवाज ऐकू येत होता. मग त्या उभ्याच राहिल्या. कागद हवेत, माइक हातात. “पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस! बाकी शून्य! जातो गं जातो!”

त्यानंतर जे झालं त्याला टाळ्या म्हणायचं की काय म्हणायचं! लोक खुर्च्यांवरून उठले. बायकांनी बायकांना मिठ्या मारल्या, जणू घरातली मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. आठवी दोन घेऊन आली तेव्हा तिला प्रश्न विचारायची गरजच उरली नाही. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उभे राहून हातवारे करत शेजाऱ्यांना समजावत होते, “शेवटचे तीन बघा, तीनच! चारशे बहात्तर. आठानं एकोणसाठ वेळा. झालं!” ते नंदकुमार होते. नववी नऊ घेऊन आली, आणि कोणीतरी मागून ओरडलं, “बेरीज पंचेचाळीस!” त्यावर हॉलनं एका सुरात सांगितलं, “जातो गं जातो!”

मग गिरजाबाईंनी गळा मोकळा केला. लग्नाच्या धवल्याची ती लांब, उंच चाल, आणि शब्द फक्त एवढेच: अडतीस कोटी, सोला लाख, चोपन हजार, सातशे एकोनतीस. त्यांनी एकदा म्हटलं, राहीबाईंनी फेर धरून दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा सगळ्या सभागृहानं. घणसोलीच्या, बेलापूरच्या, नेरूळच्या बायका आपापल्या जागी उभ्या राहून गात होत्या. वेळ संपल्याची घंटा झाली, पडदेवाल्यानं दोरीला हात घातला, तसे लोक ओरडले, “राहू दे, राहू दे!”

वैजयंती सातचा पुठ्ठा घेऊन उभी होती. तिला नमस्कार करायचं सुचलं नाही. ती नुसती बघत राहिली.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. सुनयनाबाईंनी ढाल देताना विचारलं, “खरं सांगा, ती चूक ठरवून केली होती ना?”

“न्हाई हो,” राहीबाई मध्येच म्हणाल्या, “आमाला चुका ठरवून जमत न्हाईत.”

केशरबाई ढाल छातीशी धरून सगळ्यांना सांगत सुटल्या, पुढच्या वर्षीही आमचा गट एकच. दारात नंदकुमार पिशवी सांभाळत उभे होते, अबोली त्यांच्या हाताला धरून पेंगत होती. त्यांनी आत डोकावून हाक मारली, “वैजू, निघायचं ना? उशीर होतोय.”

आत घणसोलीच्या गटानं वैजयंतीला घेरलं होतं. हरलेल्या बायका, नथी अजून नाकात, आणि एकच घोशा: पुन्हा सांगा, आणि हळू सांगा. पुठ्ठे जमिनीवर ओळीनं मांडलेले, त्यांच्याभोवती नऊवाऱ्यांचं कोंडाळं, आणि मध्ये उकिडवी बसलेली वैजयंती.

तिनं वर न बघताच हात हलवला.

“अहो, थांबा जरा. आत्ताशी चौथ्या पायरीवर आहोत.”